राणीचा पार्ट

येरमाळा,
कार्तिक वद्य पंचमी, शके १८६५

गोरोबा,

पत्राच्या माथ्यावर येडाईचं नाव घालायची आमच्या घरची रीत आहे. या वेळी मुद्दाम घातलेलं नाही. तिच्या नावानं तुला एकदा पुढं बोलावलं होतं, तेव्हा तू पाठ फिरवून चालता झालास. आता परत तिला आपल्या भांडणात कशाला ओढू?

तुला वाचता येत नाही. म्हणजे हे पत्र बार्शीत कोणीतरी तुला वाचून दाखवणार. तो जो कोण भला माणूस असेल त्याला आधीच सगळं सांगून ठेवतो, नाहीतर अर्धंमुर्धं वाचून भलताच अर्थ लावायचा. मी बंडप्पा, येरमाळ्याचा भुसार दुकानदार. येडाईच्या चैत्री जत्रेत आमची मंडळी दरवर्षी नाटक करतात. नाटक माझ्या धाकट्या भावानं, शरणबसप्पानं लिहिलं. तो राजपुत्र व्हायचा आणि हा गोरोबा कुंभार त्याची आई, राणी. शरणू गेल्या आषाढात तापानं गेला. त्यानंतर महिना व्हायच्या आत हा गोरोबा निजामाची मोगलाई सोडून बार्शीला, इंग्रजी हद्दीत, गिरणीत कामाला लागला. जाताना राणीचा पार्ट घेऊन गेला. तो मला परत पाहिजे. एवढंच प्रकरण आहे.

आता तुला सांगतो. पार्ट कागदावर असता तर मी बार्शीला खेपा करणाऱ्या लिंबाजीची गाडी पाठवून कधीच आणला असता. पण तो तुझ्या तोंडात आहे, आणि हे तुला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर एवढा ताठा.

'पार्ट' हा शब्दही शरणूनंच आणला, बार्शीला नाटक बघायला गेला होता तेव्हा. त्याआधी आपण सोंग म्हणायचो. यंदा रावणाचं सोंग कोण घेतंय, असं. सोंगाला मालक नसतो, आज तू घे, उद्या मी घेतो. शरणू 'पार्ट' म्हणायला लागला आणि मंडळींची बोलीच फिरली. माझा पार्ट, त्याचा पार्ट, पार्ट बसला, पार्ट पडला, माझ्या पार्टाला हात लावायचा न्हाय! बापानं मळा नावावर करून दिल्यासारखा जो तो आपला पार्ट छातीशी धरून बसला.

मी म्हटलं, धरताय तर नीट धरा. आमचं आधीचं नाटक भूमच्या मंडळींनी ऐकून ऐकून उचललं होतं, तेव्हाच मला अद्दल घडली होती. म्हणून शरणूला बसवून त्याच्या वहीतून ज्याचं बोलणं त्याला वेगळं उतरवून दिलं. ज्याला त्याला फक्त आपला पार्ट, आणि कधी तोंड उघडायचं ते कळावं म्हणून समोरच्याचे शेवटचे दोन शब्द. दुसऱ्याच्या कागदात डोकवायचं नाही. पडद्यामागून वाचून सांगणारा माणूस ठेवला नाही, कारण त्याच्या हातात सगळं नाटक जाणार. मूळ वही मी स्वतः चुलीत घातली. तुला अक्षर येत नाही आणि लढाईमुळं कागद मिळत नाही, म्हणून राणीचा पार्ट शरणूनं तुझ्या चाकापाशी बसून तोंडीच दिला. एवढा बंदोबस्त सरकारच्या खजिन्यालाही नसेल. बंदोबस्तात खोट नव्हती. माणसात निघाली.

गुढीपाडव्याला देवळाचे पंच विचारतील, नाटक तयार आहे का. नाही म्हटलं की जत्रेत नाटक करायची आमराईतली आमची जागा भूमवाल्यांना जाणार, आणि एकदा गेलेली जागा परत मिळत नाही. मग शरणूचं नाटक संपलं. तो गेला, निदान त्याचं बोलणं राहू दे एवढंच मी मागतोय. ते गेलं तर मला सोसायचं नाही.

तरी कोणाकडून तरी पार्ट लिहवून घे आणि याच लिंबाजीबरोबर धाड. लिहिणाऱ्यानं स्वतःजवळ नक्कल ठेवायची नाही.

लोभ होता. तूर्त बांधून वर ठेवला आहे.

बंडप्पा


मार्गशीर्ष शुद्ध

गोरोबा,

तुझं उत्तर पोचलं. लिंबाजीनं पागोट्यात खोचून आणलं. त्याला जकातीच्या नाक्यावर बराच वेळ का लागला, ते मी त्याला विचारलं. करोडगिरीवाल्यांनी कडब्याच्या पेंढ्या उसकटून बघितल्या म्हणाला. असेल.

तू कळवतोस, 'अण्णा, म्या सांगाय बसलो, बाई लिवाय बसल्या, पर तोंडातनं शबुद निघंना. शरणप्पा म्होरं बोलायचा तवा माझं आपसूक यायचं. एकट्यानं पार्ट येत न्हाय. शरणप्पाचं बोलणं कुणीतरी म्हणून दावा, मग येतंय का बघू.'

वा रे वा! नाचता येईना अंगण वाकडं. जत्रेत हजारो माणसांपुढं जो पार्ट घडाघडा म्हणायचास, तो आता एका बाईपुढं येत नाही? आणि वर शरणूचा पार्ट मागतोस. म्हणजे आपला तर द्यायचा नाहीच, समोरचाही घशात घालायचा. मी दुकानदार आहे गोरोबा. गिऱ्हाईक पायरी चढतानाच ते घ्यायला आलंय की नुसतं चिवडायला, ते मला कळतं.

आणि ही बाई कोण? अक्षर बघूनच मी ओळखलं होतं की पुरुषाचं नाही. इतकं वळणदार, इतकं नेटकं, की जणू पत्र कोणाला तरी दाखवायचं आहे.

बाई, आता हे वाचताच आहात तर तुम्हालाच विचारतो. एका कुंभाराची पत्रं लिहून द्यायचं तुम्हाला काय पडलंय? तुमचं माहेर कुठलं? भूमचं तर नाही ना? राग मानू नका, पण माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही विचारलं असतं.

त्यानं तुम्हाला स्वतःची बाजू सांगितलीच असेल, तेव्हा माझीही ऐका. शरणूला माती दिली त्याच आठवड्यात मी नाटकातल्या सगळ्यांना देवळात बोलावलं. बेल आणि भंडारा मध्ये ठेवला. म्हटलं, माझा भाऊ गेला, आता नाटक तुमच्याजवळ आहे. प्रत्येकानं बेलभंडार उचलून सांगायचं की माझा पार्ट मी बाहेर कोणाला दिला नाही आणि देणार नाही. सगळ्यांनी उचलला. नागप्पानं तर न सांगता दोनदा उचलला. हा एकटा हात मागं घेऊन उभा राहिला. म्हणाला, 'ज्यानं पार्ट दिला त्यानं मला कवा असं इचारलं न्हाय.' आणि पायऱ्या उतरून गेला. मी हाक मारली, यानं मागं वळून बघितलं नाही. पोटात पाप नसलेल्या माणसाला बेलभंडाराचं भय कशाला वाटावं, हे तुम्हीच मला सांगा.

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, एवढं त्याला वाचून दाखवा.

बंडप्पा


पौष वद्य

गोरोबा,

उजाडलं!

लिंबाजी भूमच्या बाजाराला गेला होता. तिथं चावडीमागं त्यांची तालीम चालू होती. यानं गाडीखाली बसून ऐकली. त्यांच्याही नाटकात एक राणी आहे, तिचाही मुलगा परमुलखाला निघालाय, आणि ती त्याला काय म्हणते?

'जाणाऱ्याला पाणी विचारावं, वाट विचारू नये.'

लिंबाजीनं मला हे सांगितलं तेव्हा माझ्या हातातला तराजू खाली आला. गिऱ्हाईक बघत राहिलं. दरवर्षी या वाक्याला आमराईतल्या बाया पदर डोळ्याला लावतात. हे शरणूचं वाक्य, आणि ते फक्त राणीच्या पार्टात आहे. राणीचा पार्ट फक्त तुझ्या तोंडात आहे. मग ते भूमला उडत गेलं का रे? बाईपुढं शब्द फुटत नाही, एकट्यानं येत नाही, आणि भूमवाल्यांपुढं मात्र येतं! काय दिलं त्यांनी तुला? पैसा असेल असं मला वाटत नाही, तू त्यातला नाहीस. माझा सूड घ्यायचा असेल. पण गोरोबा, सूड माझ्यावर घ्यायचास. दुकानापुढं येऊन शिव्या द्यायच्यास, मीही दिल्या असत्या. शरणूनं तुझं काय वाईट केलं होतं? तुझ्या मडक्यांच्या आव्याचा धूर डोळ्यांत जाऊन त्याचे डोळे लाल व्हायचे, तरी तुझ्यापाशी बसून एकेक शब्द घोटून घ्यायचा. घरी जेवायला ये म्हटलं तर यायचा नाही. मी थोरला भाऊ असून माझ्याजवळ तो इतका कधी बसला नाही.

तुझ्यावाचून अडतं असं समजू नकोस म्हणून हेही कळवतो. बिराप्पाला राणी करून बघितला. मिशी काढणार नाही म्हणाला, मेंढरं ओळखायची नाहीत. बरं, मिशीसकट उभा केला. राणीचं बोलणं मीच रचून दिलं, रात्रंदिवस आठवून आठवून. राजपुत्राच्या जागी नागप्पाला उभा केला. राणीनं असा काही आवाज काढला की बाहेर बांधलेली शेळी ओरडली. नागप्पा हसून हसून खाली बसला. मी त्याच्या अंगावर धावून गेलो. मग सगळे आपापले कागद घेऊन घरी गेले आणि तालीम मोडली.

मी काय रचलं होतं ते तुला सांगत नाही. शरणूसारखं झालं नव्हतं.

भूमवाल्यांना पार्ट तूच दिलास की नाही, एवढंच हो किंवा नाही कळव. बाईंनी मध्ये स्वतःची भर घालू नये.

बंडप्पा


माघ शुद्ध

गोरोबा,

मागच्या पत्राचं उत्तर अजून धाडलं नसशील तर थोडा थांब. धाडलं असलंस तर त्यात जे काय लिहिलंय ते मी ऐकून घेईन.

काय झालं ते सांगतो. मी दुकानात नागप्पाजवळ भूमवाल्यांच्या नावानं बोटं मोडत होतो. अव्वा, आमची आई, आत जोंधळे निवडत बसली होती. निवडणं नावालाच, डोळ्यांनी आता जवळजवळ काहीच दिसत नाही, बोटांनी खडा लागला तर काढते. शरणू गेल्यापासून तिनं त्याचं नाव काढलेलं नाही, म्हणून मीही तिच्यापुढं नाटकाचा विषय काढत नाही. त्या दिवशी आवाज चढला. ते पाण्याचं वाक्य मी मोठ्यानं म्हटलं. आतून अव्वा म्हणाली, 'कुणाचं चोरलं म्हणतूस?'

मी म्हटलं, 'शरणूचं वाक्य. भूमवाल्यांनी चोरलं.'

'शरण्याचं कुठलं? माझ्या आईचं हाय ते. भूमला आमच्या गल्लीत लेक नांदायला निघाली की सगळ्या बाया म्हणतेत. तुझा बाप मला न्यायला आला तवा म्हातारी उंबऱ्यात तांब्या घिऊन आसंच म्हणली व्हती. शरण्यानं माझ्याकडनं घेतलं.' आणि वर म्हणाली, 'भूमच्या माणसानं भूमचं बोलणं बोलायला बी तुला इचारायचं का?'

नागप्पानं हळूच चप्पल पायात घातली आणि निघून गेला.

अव्वाचं माहेर भूमचं, हे काय मला माहीत नव्हतं? लहानपणी त्याच गल्लीत मी विटीदांडू खेळलोय. पण शोधताना काखेतला कळसा दिसत नाही तो असा.

तर ते एक वाक्य तुझ्या नावावरून मी काढून टाकतो. बाकीचं अजून तसंच आहे. बेलभंडार तू उचलला नाहीस हे काही अव्वाच्या आईनं केलेलं नाही.

अव्वानं मग शरणूचं नाव घेतलं म्हणून मला वाटलं, आता बोलेल. पण ती परत जोंधळ्यात बोटं घालून बसली. मलाही पुढं विचारवलं नाही.

जाता जाता, तुझ्या गिरणीत फार खोकला लागतो म्हणे. लिंबाजी सांगत होता. मिरे आणि खडीसाखर त्याच्याजवळ दिली आहे. दुकानात पडूनच होती.

बंडप्पा


फाल्गुन शुद्ध

गोरोबा,

तुझं पत्र आलं. मिरे पोचले ते बरं झालं. माझ्या शिव्यांचं उत्तर तू दिलंच नाहीस. पुन्हा तेवढंच लिहिलंस की शरणूचं बोलणं कोणी म्हणून दाखवलं तर पार्ट येईल, न्हायतर न्हाय.

खाली बाईंनी स्वतःच्या मनानं चार ओळी घातल्या आहेत. घालू नका म्हटलं होतं, तरी घातल्या. त्या लिहितात, 'माझं नाव अयोध्या. मुलींच्या शाळेत शिकवते. माझं माहेर भूम नाही, परांडा आहे. गोरोबा आमच्या पडवीत राहतात. रोज गिरणीतून आल्यावर ते भिंतीकडं तोंड करून उभे राहतात, हात पुढं करतात आणि थांबतात. बराच वेळ थांबतात. समोरून कोणी काही बोलेल अशी वाट बघितल्यासारखे. मग हात खाली घेऊन जेवायला बसतात. हे ढोंग असेल तर इतक्या दिवसांत मला कळलं असतं.'

बाई, हे तुम्ही कशाला लिहिलंत? मी पत्र पेटीत टाकलं, परत काढलं, परत टाकलं. परांडा भूमहून काही फार लांब नाही, हेही मनात येऊन गेलं. मग माझीच मला लाज वाटली.

गोरोबा, तो हात मला माहीत आहे. राजपुत्र पाया पडायला वाकतो, तेव्हा त्याच्या डोक्यावर ठेवायला राणी हात पुढं करते. मी दरवर्षी मांडवाच्या कडेला काठी घेऊन उभा असायचो, भूमचं कोणी ऐकून लिहून घेत नाही ना ते बघत. म्हणून माझं लक्ष नेहमी माणसांकडं असायचं. तुमच्या दोघांकडं बघायचं राहून गेलं. तो हात तेवढा कधीतरी दिसला होता.

शरणूचा पार्ट माझ्या पेटीत आहे. त्याच्या हातचं माझ्याजवळ दुसरं काही नाही. त्याच्या अंगठ्याचा तेलकट डाग आहे वरच्या कोपऱ्याला, भजी खाता खाता पाठ करायचा. त्याची नक्कल करावी म्हटलं तर कागद कुठाय? पुड्या बांधायलाही आता मी पळसाची पानं वापरतो. म्हणजे धाडायचा तर हाच धाडायचा. नाक्यावर कोणी विचारलं हे काय लिहिलंय, तर लिंबाजी काय सांगणार? त्यात राजा आहे, फौज आहे, परमुलूख आहे. आजकाल एवढ्यावर माणूस बसवून ठेवतात. कागद जप्त झाला तर संपलं. बैलानं खाल्ला तरी संपलं.

आठ दिवस मी हाच विचार केला. मग एका सकाळी सगळ्यांच्या घरी गेलो. नागप्पाचा पार्ट मागून घेतला, बिराप्पाचा घेतला, शिवप्पाचा घेतला, सगळ्यांचेच घेतले. एकेकाच्या तोंडाकडं बघण्यासारखं होतं. नागप्पाची बायको म्हणाली, 'काय वं भावजी, आता ह्यांच्याकडनं बी चोरी झाली का?' मी म्हटलं, नाही वहिनी, आता मीच सगळं नेऊन देतोय.

सगळे पार्ट पहिल्यांदा एका फडक्यात बांधले. केवढंसं गाठोडं झालं! एवढ्यासाठी मी इतकी वर्षं काठी घेऊन उभा होतो.

शरणूचा एकटाच धाडणार होतो. पण मग तुझं कोणाला उत्तर आहे, कोणाचं तुला आहे, हे बाईंना कळायचं कसं? म्हणून सगळेच. वर कडबा घातला आहे. पोचलं की नाही ते कळव. नाही कळवलंस तर मी काय करणार? माझ्याजवळ आता नावाला एक ओळही नाही.

पाडव्याला पंचांना मी 'नाटक तयार आहे' असंच सांगणार. तोंडघशी पडलो तर पडलो.

येडाई तुला सांभाळो. हे आता वर लिहायला जागा नाही म्हणून खाली लिहिलं.

बंडप्पा


येरमाळा,
चैत्र वद्य, शके १८६६
येडाई प्रसन्न

अयोध्याबाईंस,

हे पत्र तुम्हालाच आहे. गोरोबा इथं माझ्या ओट्यावर झोपलाय आणि घोरतोय. तेव्हा या वेळी मध्ये कोणी नाही. मी लिहिणार, तुम्ही वाचणार.

लिंबाजी गाठोडं देऊन रिकाम्या हातानं परत आला, तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती. पाडवा गेला. पंचांपुढं मी छाती पुढं काढून खोटं बोललो. पुनव आली, येडाईची पालखी रिवाजाप्रमाणं चुन्याच्या रानात जाऊन आमराईत उतरली, तरी तुमच्याकडून अक्षर नाही. मंडळी मला म्हणेनात, पण त्यांच्या तोंडावर दिसत होतं, की आयुष्यभर संशय घेतला आणि नको तिथं एकदा विश्वास ठेवला.

नाटकाच्या आदल्या दिवशी दुपारी हा आला. पायी. डोक्यावर गाठोडं. मला म्हणाला, 'अण्णा, मोजून घ्या.' मी म्हटलं, मोजायचं काय त्यात? आणि आत नेऊन बघितलं. तुमच्याजवळ खोटं कशाला बोलू, बघितलं.

बाई, तुम्ही ते सगळे कागद ओळीनं लावून शिवलेत. कोणाच्या पुढं कोणाचं बोलणं येतं, ते त्या शेवटच्या दोन दोन शब्दांवरून जुळवलंत. आणि राणीची जागा कोरी सोडलीत. गोरोबा म्हणाला, 'बाईंनी शरणप्पाचं वाचलं, तसं माझं सगळं आलं, एक शबुद राहिला न्हाय. म्या म्हणलं लिवा, तर म्हणल्या, अण्णांनी नक्कल करू नका म्हणलंय. त्यान्ला इचारल्याबिगर लिवणार न्हाय.' ती कोरी जागा बघून मला काय वाटलं ते मला नीट लिहिता येत नाही. माझ्यावर कोणी एवढी सक्ती केली असती तर मी पहिल्यांदा नक्कल केली असती.

राजपुत्र करायला कोणी तयार होईना. मेलेल्या माणसाचा पार्ट, अंगाला लागतो म्हणाले. मग मीच उभा राहिलो. एका दिवसात पाठ काय होणार? पण म्हटलं, माझ्या भावाचं बोलणं आहे, येईल. तोंडाला रंग लावला. मांडवाच्या कडेला पहिल्यांदाच कोणी काठी घेऊन उभं नव्हतं. पुढं भूमची मंडळी बसली होती, बसू दे म्हटलं.

सुरुवातीचं निभावलं. मग निरोपाचा प्रवेश आला. मी वाकलो. गोरोबानं हात पुढं केला. आता मी बोलायचं आणि मग त्यानं. आणि माझ्या तोंडातून काही येईना. विसरलो म्हणावं तर विसरलो नव्हतो. शब्द जिभेवर होता. तो म्हटला की शरणू खरंच निघाला, असं काहीतरी वाटायला लागलं. गोरोबा हात पुढं धरून उभा. त्याला माझ्याआधी बोलता येत नाही. आणि पडद्यामागं वाचून सांगणारा माणूस नाही, तो मीच ठेवलेला नाही.

समोर, अगदी पहिल्या रांगेत अव्वा बसली होती. ती तिथूनच, घरात हाक मारावी तशी म्हणाली, 'आरं म्हण की, "निघतो गं आई. आता मला आडवू नको." म्हण.'

मी म्हटलं.

गोरोबाचा हात माझ्या डोक्यावर आला. 'जाणाऱ्याला पाणी विचारावं, वाट विचारू नये. पाणी घे लेकरा.' आणि बाई, पुढचं सगळं तो बोलत असताना मला अव्वाचे ओठ दिसत होते. ती त्याच्या बरोबरीनं म्हणत होती. त्याचं झालं की माझं, माझं झालं की नागप्पाचं. एक शब्द मागं नाही, एक शब्द पुढं नाही. शरणू वही लिहायचा तेव्हा रोज तिला वाचून दाखवायचा, हे मला काल कळलं.

सगळ्या मुलखावर मी संशय घेतला. लिंबाजीवर, तुमच्यावर, करोडगिरीवर. नाटक माझ्याच घरात, जोंधळे निवडत बसलं होतं.

घरी आल्यावर मी तिच्यापुढं बसलो. तोंडाचा रंगही पुसला नव्हता. म्हटलं, 'अव्वा, तुला सगळं येत होतं, तर इतके महिने बोलली का नाहीस? मी गावभर पार्ट शोधत हिंडत होतो.'

ती म्हणाली, 'तू पार्ट कवा शोधत हुतास? तू चोर शोधत हुतास. त्यो काय मला म्हाईत नव्हता.'

मग रडली. शरणू गेल्यापासून पहिल्यांदा. मीही.

आता तुम्हाला विनंती. तुमचं अक्षर चांगलं आहे, हे मी पहिल्या पत्रालाच ओळखलं होतं, फक्त म्हणालो वेगळंच. शाळेला सुट्टी लागली की इकडं या. गोरोबा त्याचा पार्ट सांगेल, चुकलं तर अव्वा धरेल. ती कोरी जागा भरून टाका. वही माझ्याकडे राहील, असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. कुठं राहील ते सगळे बसून ठरवू. तुम्हाला हवी तर एक नक्कल करून घ्या.

लिंबाजीची गाडी मंगळवारी बार्शीला येते. कधी येता, कोणत्या वाटेनं येता, ते कळवा असं लिहिणार होतो. अव्वा म्हणाली, तसलं विचारायचं नाही. दारात तांब्या भरून ठेवला आहे.

बंडप्पा